भोंपळ्याचें तोंड आणि बोहाड्याचा मुखवटा

एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या पांच वर्षांच्या चिरंजीवांच्या शाळेंतून चिठ्ठी आली आहे कीं, ऑक्टोबरच्या ३१ तारखेस ‘हॅलोविन’चा समारंभ व्हावयाचा असून प्रत्येक मुलानें भुताखेताचा वेष घेऊन यावें आणि नाकडोळे कोरलेला एक भोंपळा बरोबर आणावा. चिठ्ठी येतांच घरांत दोन तट पडले. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, ऐन दिवाळीच्या सुमारास उंबरठ्याच्या आंत भुतें कशाला आणावयाचीं? धाकट्या दिरांचें म्हणणें असें कीं, चार मुलें करतील तें आपल्या मुलानें न केल्यास तें एकटें पडेल. मामंजी वृत्तपत्रांतून डोकें वर काढीत नाहींत. पत्राच्या शेवटीं मात्र त्या भगिनींनीं सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे, ती अशी कीं, ज्याच्यासाठीं हा वाद चालला आहे, तो रात्रीं दिवा लावल्यावांचून न्हाणीघरापर्यंतहि एकटा जात नाहीं.

आमच्या मतें सबंध पत्राचें सार त्या शेवटच्या ओळींत आहे. सण परका कीं आपला, हा वाद वडील माणसांनीं सावकाश घालावा; त्यास घाई नाहीं. परंतु पांच वर्षांचें मूल अंधारास भितें, आणि त्याच मुलास आपण भुताचा वेष घालून समारंभास पाठविणार, तर त्या भीतीचें काय होणार, याचा विचार त्या दिवसाच्या आधींच झाला पाहिजे. तेवढ्यापुरतेंच आम्ही येथें बोलणार आहों.

प्रथम हा सण आहे तरी काय, तें पाहूं. ख्रिस्ती पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली सायंकाळ ती हॅलोविन. आयर्लंड, स्कॉटलंड या बाजूचे प्राचीन केल्टिक लोक याच सुमारास, सुगी आटोपून हिंवाळा लागतांना, एक सण पाळीत. त्या रात्रीं जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरळ होतो, अशी त्यांची समजूत होती. तेव्हांचे कंदील भोंपळ्याचे नव्हते. आयर्लंडांतील शेतकरी सलगमासारखा कंद पोखरून त्यास तोंड कोरीत व आंत दिवा ठेवीत. १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळानें लाखों आयरिश माणसें अमेरिकेस गेलीं. तेथें त्यांना मोठा, मऊ, पोखरावयास सोपा असा भोंपळा आयताच मिळाला, आणि कंदाची जागा त्यानें घेतली. पुढें त्यास बाजारानें हातीं धरलें. आणि आतां तो मुंबई-पुण्याच्या शाळांतून व इमारतींच्या अंगणांतून आपल्या दारीं आला आहे.

दाराशीं भोंपळा ठेवून अनिष्टास बाहेरच्या बाहेर थोपवावें, ही कल्पना ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटूं नये. आपल्याकडे कित्येक घरांच्या व दुकानांच्या चौकटीस दृष्ट लागूं नये म्हणून कोहळा टांगलेला असतो. बळीच्या जागीं कोहळा फोडण्याची चालहि जुनीच. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नान करून आलेलें मूल तुळशीपाशीं कारीट पायाच्या अंगठ्यानें चिरडतें; तें कारीट म्हणजे नरकासुर. २०२४ सालीं तर ३१ ऑक्टोबर हीच नरकचतुर्दशी होती. त्या दिवशीं सकाळीं ज्या मुलांनीं राक्षस अंगठ्याखालीं फोडला, त्यांपैकीं कित्येकांनीं सायंकाळीं राक्षसाचा वेष घेतला असेल! शिवाय लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येणारी आणि परतीच्या वाटेवर भोंपळ्यांत बसून वाघाला चकविणारी म्हातारी कोणत्या मराठी मुलास ठाऊक नाहीं? त्या गोष्टींत वाघ आहे, अरण्य आहे, खाऊन टाकण्याची भाषा आहे. आणि तरीहि मूल ती गोष्ट पुन्हां पुन्हां मागतें. कारण भोंपळ्याच्या आंत बसून म्हातारी सुखरूप घरीं पोंचते, हें त्यास पक्कें माहीत असतें.

भिवविणाऱ्या वस्तूस हातीं घेऊन, तिच्याशीं खेळून, शेवटीं तिच्यावर मात करावयाची, ही रीत जगांत पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु आपल्या घरांतून तिच्या बरोबर उलट अशी दुसरी एक रीतहि चालत आली आहे. ती म्हणजे बागुलबुवाची. जेवत नाहींस? बुवा येईल. झोंपत नाहींस? पोतडींत घालून नेईल. या बुवास तोंड नाहीं, हातपाय नाहींत, तो कधीं येत नाहीं आणि म्हणून कधीं जातहि नाहीं. मुलास त्याच्याशीं खेळतां येत नाहीं, त्यास हरवितां येत नाहीं. आम्ही हें उपदेशाच्या सुरांत लिहीत नाहीं. कारण हा अपराध आमच्याच हातून घडलेला आहे. थोरल्या वहिनींचा धाकटा साडेचार वर्षांचा असतां एके रात्रीं जेवावयास कुरकुरूं लागला. घरांत पाहुणे, वाढावयाची घाई; आम्हींच कोठीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हटलें, ‘त्या काळोखांत कोण बसलें आहे, ठाऊक आहे ना?’ त्यानें मुकाट्यानें ताट संपविलें. आम्हांस त्या वेळीं आपल्या युक्तीचें कौतुकच वाटलें. पुढें चार महिने तो कोठीच्या दारावरून धांवत जाई, रात्रीं दचकून उठे, आणि वहिनींचा पदर हातांत धरल्यावांचून झोंपत नसे. एका घांसासाठीं आम्हीं त्याच्या चार महिन्यांच्या झोंपेचें मोल दिलें.

अशा मनःस्थितींत असतांना आम्हांस बोहाडा पाहावयास मिळाला, आणि या प्रश्नाची उकल तेथें झाली.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांत जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांची ही भूमि. पावसाळ्यांत भात, नागली आणि वरई पिकवावयाची, आणि पीक निघाल्यावर कामासाठीं पुष्कळांनीं गांव सोडून बाहेर पडावयाचें, असें येथलें वर्ष. होळीच्या सुमारापासून पुढें, उन्हाळ्याच्या दिवसांत, गांवोगांव बोहाडा होतो. यालाच कोणी भोवाडा म्हणतात. रात्र पडली कीं संबळ वाजूं लागतो, मशाली पेटतात, आणि एकामागून एक सोंगें मुखवटे चढवून नाचत येतात. आरंभीं गणपति आणि शारदा. मग रामायण-महाभारतांतील व पुराणांतील देव आणि राक्षस. रावण येतो, त्राटिका येते, नरसिंह येतो, वेताळ येतो. शेवटीं देवी आणि महिषासुर यांचें युद्ध होतें, व देवीच्या विजयानें उत्सवाची सांगता होते. पुष्कळ गांवीं कोणतें सोंग कोणत्या घरानें नाचवावयाचें, हें परंपरेनें ठरलेलें असतें. मुखवटे पूर्वीं लाकडाचे असत. कागदाच्या लगद्याचे मुखवटे करण्याची कलाहि या भागांत चांगली रुजलेली आहे. हा केवळ तमाशा नव्हे. लोकांचा तो देवाधर्माचा उत्सव आहे, आणि मुखवट्याचा मान देवाचा असतो.

आम्हीं जव्हार तालुक्यांतील एका गांवीं जो बोहाडा पाहिला, त्यांत आमचें लक्ष सोंगांपेक्षां प्रेक्षकांतील मुलांकडेच अधिक होतें. वडिलांच्या खांद्यावर बसलेला तीनएक वर्षांचा एक मुलगा राक्षसाचें तोंड जवळ येतांच मोठ्यानें रडूं लागला आणि बापाच्या डोक्यास घट्ट बिलगला. आम्हांस वाटलें, आतां त्यास कोणी दटावील, किंवा हंसेल. तसें कांहीं झालें नाहीं. सोंग पुढें गेल्यावर त्याचा आजा त्यास कडेवर घेऊन जेथें सोंगें सजतात तिकडे घेऊन गेला. आम्हीहि मागोमाग गेलों. तेथें तोच राक्षस मुखवटा काढून, घाम पुशीत, तांब्यानें पाणी पीत बसला होता. आणि मुखवटा त्याच्या शेजारीं होता. मुलानें एकदां माणसाकडे पाहिलें, एकदां मुखवट्याकडे पाहिलें. तो माणूस त्याच्याच आळींतला कोणी काका असावा. कारण त्यानें मुलास नांवानें हांक मारली. पुढें पुन्हां तें सोंग नाचावयास निघालें, तेव्हां मुलगा रडला नाहीं. भ्याला मात्र, आजाचें बोट त्यानें सोडलें नाहीं. पण या वेळीं तो डोळे उघडे ठेवून भ्याला.

घरीं परततांना आम्ही मनाशीं म्हणालों कीं, बालमानसशास्त्राचीं इतकीं पुस्तकें आमच्या कपाटांत असून जें आम्हांस सुचलें नाहीं, तें त्या आजास कोणीं शिकविलें? या लोकांना ‘रानटी’ म्हणण्याची खोड आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतून फार दिवस होती, व ती पुरती गेली आहे असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. पण बागुलबुवा आमच्या घरांत होता. आणि मुखवट्यामागचा काका त्यांच्या गांवांत होता.

शिकलेल्या घरांतून निघून या मुलांपर्यंत जाण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांची आठवण येथें केली पाहिजे. इटलींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह काढलें, आणि लहान मूल डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा यांच्या द्वारें शिकतें, म्हणून त्या इंद्रियांनाच प्रथम काम द्यावें, असा विचार मांडला. गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं तो विचार आपल्या देशाच्या मातींत रुजविला. ताराबाई मोडक १९२३ सालीं त्यांच्या बालमंदिरांत गेल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ सालीं ताराबाई बोर्डी येथें आल्या. तेथें त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवैधव्य सोसून, शिकून, शिक्षिका झालेल्या या बाई पुण्याची नोकरी सोडून आल्या होत्या. १९५७ मध्यें हें काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरींचीं साधनें महाग आणि कारखान्यांत घडविलेलीं. वारल्यांच्या पाड्यावर तीं आणावयाचीं कोठून? म्हणून या दोघींनीं खडे, शिंपले, पानें, बिया, काड्या, माती हींच साधनें केलीं. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळाच त्याच्या अंगणांत नेऊन बसविली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून रूढ झाला, आणि आज तो साऱ्या देशाच्या तोंडीं आहे. पाश्चात्य मासिकांतून ‘सेन्सरी प्ले’ या नांवाखालीं रंगीत तांदुळांचीं व चिकट लगद्यांचीं जीं चित्रें येतात, तें आमच्याकडे इंद्रियशिक्षण या नांवानें केव्हांच येऊन गेलें आहे.

अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. त्याच वर्षीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या गांवांचीं नांवें महाराष्ट्रानें प्रथम ऐकिलीं. तीं तेथल्या उत्सवामुळें नव्हे, तर तेथें अन्नावांचून आणि आजारानें मेलेल्या बालकांमुळें. वर्तमानपत्रांतून गाजलें, मंत्री गेले, कार्यालयें निघालीं. मुंबईपासून मोटारीनें कांहीं तासांच्या अंतरावर हें घडलें होतें. लहान मुलांच्या खेळांच्या लेखांत हें कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर भोंपळ्यांत आहे. हॅलोविनच्या चालीप्रमाणें भोंपळा पोखरून त्यांतील गर बहुधा फेंकून देतात, आणि दोन दिवसांनीं तोंडासकट तो कचऱ्यांत जातो. जें अन्न आहे, त्याचें खेळणें करून तें उकिरड्यावर टाकावयास आमचें मूल शिकणार असेल, तर हा सण आम्हांस नको. मग तो परका असो वा आपला असो. पण गर ताटांत येणार असेल आणि मुलाचे हात त्यांत कोपरापर्यंत भरणार असतील, तर आमची हरकत नाहीं. तेव्हां आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

भोंपळा

दोन-तीन शेर वजनाचा तांबडा भोंपळा घ्यावा. अखंड भोंपळ्यास बायकांनीं प्रथम सुरी लावूं नये, असें कांहीं घरांत मानतात. त्या घरीं ही कामगिरी दिरांवर सोंपवावी, म्हणजे वाद मिटतो व दीरहि कामास लागतात. देंठाकडचें झांकण वडील माणसानें कापावें. पुढचें सारें मुलाचें. त्यानें हात आंत घालून धागे आणि बिया ओढून काढाव्या. प्रथम तें नाक मुरडील. तो बुळबुळीत, थंड, ओला स्पर्श त्यास नवा असतो. त्यास ‘शी’ म्हणावयास शिकवूं नये, ‘कसें लागतें?’ एवढेंच विचारावें व मिळेल तो शब्द घ्यावा. मग बिया घंगाळांत पाण्यांत सोडाव्या. धागे निसटून बिया वर तरंगतात, हें पाहण्यांत अर्धा तास सहज जातो. बिया धुवून सावलींत वाळवाव्या, दहा-दहांचे ढीग करावे, थोड्या भाजून सोलून खाव्या, आणि चार बिया कुंडींत लावाव्या. गर मोठ्या चमच्यानें खरवडून काढावा, भिंत बोटभर जाडीची ठेवावी.

त्या गराचे घारगे करावे. एक वाटी कीस वाफवून त्यांत पाऊण वाटी गूळ गरम असतांनाच विरघळवावा. चिमूटभर मीठ, थोडें मोहन, आणि मावेल तितकी कणीक व थोडें तांदुळाचें पीठ घालून घट्ट मळावें. पळसाच्या नाहीं तर केळीच्या पानावर थापून तळावे. थापण्याचें काम मुलास द्यावें. घारगा वाकडा झाला तर तो त्याचा त्यानेंच खावा. तोंड कोरणें हें सुरीचें काम असल्यामुळें तें वडिलांनीं करावें, पण तें कसें असावें, हें मुलानें कोळशानें आंखून द्यावें. हंसरें कीं रागीट, दांत किती, याचा हुकूम त्याचा. आंत निरांजन न ठेवतां लहानशी विजेची बत्ती ठेवावी. फार लहान मूल असेल तर कोरूंच नये. गेरूनें तोंड रंगवावें, आणि दुसऱ्या दिवशीं धुवून सबंध भोंपळ्याची भाजी करावी. कोरलेली साल शेवटीं गाईपुढें किंवा खताच्या खड्ड्यांत जावी.

मुखवटा

पूर्वीं आपल्या घरांतून आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या व दुरड्या करीत. त्याच कृतीनें मुखवटा होतो. चार-पांच जुनीं वर्तमानपत्रें मुलांकडून बारीक फाडून घ्यावीं. फाडण्याची मुभा सहसा मिळत नसल्यामुळें या कामास मुलें फार उत्सुक असतात. मामंजींचें वाचून झालें आहे, एवढी मात्र खात्री करून घ्यावी. तुकडे दोन दिवस पाण्यांत भिजत घालावे, मग पिळून खलबत्त्यांत किंवा पाट्यावर वाटावे. दोन मोठे चमचे मेथ्या रात्रभर भिजवून वाटून त्यांत मिसळाव्या; त्यांच्या चिकानें लगदा धरतो आणि कडूपणामुळें पुढें कीड लागत नाहीं. त्यांत कणकेची खळ घालून मळावें. पालथ्या माठावर ओलें फडकें पसरून त्यावर अर्धा बोट जाडीचा थर द्यावा. नाक, भिंवया, गाल हे गोळे लावून उठवावे. डोळ्यांचीं भोंकें चांगलीं मोठीं ठेवावीं. ऑक्टोबरच्या उन्हांत चार-पांच दिवसांत तो खडखडीत वाळतो. रंगास गेरू, हळद, काजळ आणि तांदुळाचें पीठ हीं पुरेशीं आहेत. थोडी खळ घातली म्हणजे रंग धरतात. बाजारांतील तैलरंग लहान मुलांच्या तोंडाजवळ आणूं नयेत.

येथें एक गोष्ट पाळावी. बोहाड्यांतील देवीचें किंवा दुसऱ्या कोणत्याहि देवाचें तोंड पाहून त्याची नक्कल करूं नये. तो दुसऱ्यांच्या पूजेचा विषय आहे. आपल्या समारंभाची शोभा नव्हे. ज्यांना तेथील कारागिरांचा मुखवटा भिंतीवर हवा असेल, त्यांनीं तो त्यांच्याकडूनच, घासाघीस न करतां विकत घ्यावा, आणि तो कोणाचा आहे हें मुलास सांगावें. मुलानें करावयाचा तो त्याच्या मनांतल्या बुवाचा. ‘तुझा बुवा दिसतो कसा?’ असें विचारून लगदा त्याच्यापुढें ठेवावा. ज्याला आजवर तोंड नव्हतें, त्यास तें स्वतःच्या बोटांनीं तोंड देतें, हाच या उद्योगाचा खरा लाभ.

अंधारांतले खेळ

समारंभाच्या दिवशीं पांच-सहा मुलांहून अधिक बोलावूं नयेत. भोंडल्यांत खिरापत ओळखण्याची जी गंमत असते, तीच येथें इंद्रियांच्या खेळाचा पाया करावी. डबा हलवून आवाजावरून आंत काय आहे तें सांगावयाचें. मग झांकण किंचित उघडून नुसत्या वासावरून सांगावयाचें. वेलदोडा, ओवा, सुंठ, जायफळ यांच्या पुरचुंड्या डोळे झांकून हुंगावयास द्याव्या. कापूर मात्र ठेवूं नये, तो पोटांत गेल्यास विषारी होतो. कापडी पिशवींत शिंपला, लोकरीचा गुंडा, नारळाची शेंडी, पिंपळाचें पान घालून चांचपून ओळखावयास लावावें. भिजविलेला साबुदाणा आणि सब्जा दोन वाट्यांत घालून त्यांत बोटें बुडवूं द्यावीं. एखादें मूल तें बेडकाचे डोळे आहेत म्हणून सांगेल, आणि बाकीचीं ओरडतील. तें ओरडणें सुखाचें असतें. शेवटीं खोलींतला दिवा मालवून समईच्या उजेडांत भिंतीवर हातांच्या सावल्या पाडाव्या. दार उघडें असावें, आणि दिवा मालविण्याचें बटण एखाद्या मुलाच्याच हातीं द्यावें. अंधार केव्हां करावयाचा हें ज्याच्या हातीं असतें, त्यास त्याचें भय कमी वाटतें.

चार पथ्यें

तीन वर्षांखालील मुलांजवळ बिया, चणे, मणी ठेवूं नयेत. तीं नाकांत किंवा घशांत जातात. त्यांच्या तोंडावर मुखवटा बांधूं नये. हातांत धरूं द्यावा. कागदी मुखवट्याजवळ ज्योत नको, म्हणून समई उंच जागीं ठेवून वडील माणसानें तिच्यापाशीं बसावें. दाराआड लपून अंगावर धांवून जाण्याचा विनोद कोणाहि काकामामानें करूं नये. आणि ज्या मुलास खेळावयाचें नसेल, त्यास ‘भित्रा’ म्हणूं नये. त्यास आजीजवळ बसून नुसतें पाहूं द्यावें. पाहणें हाहि खेळांत भाग घेणेंच होय.

आमच्या घरच्या त्या मुलाचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. बोहाड्याहून परतल्यावर आम्ही त्याच्यापुढें लगद्याचा गोळा घेऊन बसलों, आणि प्रथम त्याची क्षमा मागितली. कोठींत कोणी नव्हतें, आम्हीं खोटें सांगितलें, असें स्पष्ट सांगितलें. त्यावर तो इतकेंच म्हणाला, ‘पण मला तो माहीत आहे.’ मग त्यानें त्यास घडविलें. एक कान मोठा, तोंड भलतेंच रुंद, आणि कपाळावर तिसरा डोळा नसून दुसरें नाक! मुखवटा वाळल्यावर त्यानें तो आमच्याच तोंडावर चढविला, आणि आम्हांस कोठीच्या खोलींत जाऊन बसण्याची आज्ञा केली. आम्ही अंधारांत बसलों. बराच वेळ कांहीं नाहीं. मग दारांतून एक बारीक आवाज आला, ‘काका, तुम्हांला भीति वाटते का?’ आम्हीं खरें तेंच सांगितलें कीं थोडी वाटते. तो आंत आला, आमचा हात धरला आणि आम्हांस बाहेर घेऊन आला. त्यानंतरहि कित्येक दिवस तो कोठींत जातांना दार सताड उघडें ठेवी आणि आंतून मोठमोठ्यानें बोलत राही. एका दिवसांत भीति जात नाहीं. पण धांवणें थांबलें, आणि पदर सुटला.

म्हणून त्या भगिनींस आमचें सांगणें असें. शाळेंत पाठवावयाचें कीं नाहीं, हें घरांतील वडिलांनीं ठरवावें. पाठविलें तर धर्म बुडत नाहीं आणि न पाठविलें तर मूल मागें पडत नाहीं. परंतु भोंपळा आणाच. दीर कापतील, मूल पोखरील, तुम्ही घारगे तळाल, आणि सासूबाई त्या भोंपळ्यांतल्या म्हातारीची गोष्ट सांगतील. मामंजींना मुखवटा चढवून बसवावें. ते भ्यावयास नाहीं म्हणणार नाहींत, असा आमचा अनुभव आहे. रात्रीं सगळें आवरल्यावर मुलाच्या हातीं बत्ती द्यावी आणि न्हाणीघराच्या वाटेवर आपण दोन पावलें मागें राहावें.